डी. वाय. पाटीलवरची आधीची फायनल, बिश्केकच्या पोरी आणि आमच्या पोरीला न मिळणाऱ्या मॅचेस

पूर्वभागवाली | ४ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.५०

रविवारी रात्री आमच्या गल्लीत जेवढे फटाके वाजले तेवढे लक्ष्मीपूजनालाही वाजले नव्हते. बायकांच्या क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल, पावसानं उशिरा सुरू झालेली. बारा वाजत आले तरी एका घरातला दिवा बंद नाही. शेवटचा झेल हरमनप्रीतनं मागं पळत धरला आणि समोरच्या आज्जी, ज्यांनी जन्मात बॅट हातात धरली नाही, त्या ओट्यावर येऊन टाळ्या वाजवायला लागल्या. मीही नाचले, खोटं कशाला बोलू.

भाची मात्र टीव्हीसमोरून उठली नाही. म्हणाली, "मावशी, हे आपलंच ग्राउंड ना गं?"

आपलंच म्हणजे नेरूळचं डी. वाय. पाटील. ३० ऑक्टोबर २०२२ ला आम्ही दोघी तिथं होतो. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल, स्पेन आणि कोलंबिया. तेव्हा ती बारा वर्षांची. दिवाळी नुकतीच उरकलेली, शनिवारी रात्री सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली, पहाटे ठाण्याला उतरलो, मावसबहिणीकडे आंघोळी उरकून ट्रान्सहार्बरनं नेरूळ. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि उरलेल्या चकल्या. आत काही नेता येत नाही म्हणून बाहेर फुटपाथवर बसूनच सगळं संपवलं. चटणी थोडी उरली ती शेजारी बसलेल्या दोन केरळी पोरींना दिली. एकीला असा ठसका लागला की तिची मैत्रीण पाणी आणायला पळाली.

फायनलच्या आधी तिसऱ्या नंबरची मॅच होती. नायजेरिया तीन गोलांनी पुढं, जर्मनीनं तिन्ही फेडले, शेवटी पेनल्टीवर नायजेरिया जिंकली. या स्पर्धेत ज्यादा वेळ खेळवत नाहीत, बरोबरी झाली की थेट पेनल्टी, हे मला बारा वर्षांच्या पोरीनं समजावलं. फायनलला मात्र गोल होईना. ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्याच बॅकला, म्हणजे बचावातल्या पोरीला, लागून चेंडू त्यांच्या जाळीत गेला. एक-शून्य. स्पेननं कप घेतला तेव्हा सगळं स्टेडियम त्यांच्याकडं बघतंय आणि ही कोलंबियाच्या बाजूला नजर लावून बसलेली.

"मावशी, ती आता घरी कशी जाणार?"

मी म्हटलं, "विमानानं."

"तसं नाही गं."

आता पुढचं ऐका. तेव्हापासून ही फुटबॉल खेळते. बॅकलाच. यंदा सप्टेंबरात शाळांच्या जिल्हा स्पर्धेत हिच्याच गुडघ्याला लागून चेंडू आत गेला आणि शाळा एक-शून्यनं हरली. घरी आली रिक्षानं. आईला एक शब्द बोलली नाही. मला रात्री म्हणाली, "घरी यायचं काही नाही गं, दुसऱ्या दिवशी वर्गात जाणं अवघड आहे."

पण दुखणं ते नाहीच. दुखणं हे, की ती तिची या वर्षातली पहिली मॅच होती. आणि शेवटची. चूक कुणाकडून होत नाही? पण ती भरून काढायची तर दुसरी मॅच पाहिजे, आणि दुसरी मॅच आहे पुढच्या सप्टेंबरात.

वसुबारसेला, १७ ऑक्टोबरला, आपल्या सतरा वर्षांखालच्या पोरींनी बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ हरवलं. आधी यजमान किर्गिझस्तानलाही २-१. उझबेकिस्ताननं पहिला गोल केलेला. मग ५५ व्या मिनिटाला थंडामोनी बास्के, ६६ व्या मिनिटाला अनुष्का कुमारी. पुढच्या वर्षी चीनमध्ये आशियाई कप आहे, त्यात आपण पात्र. मी शंकरपाळे तळता तळता ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. एक अंगठा आला. तोही ज्यानं टाकला तो प्रत्येकाला टाकतो.

तर मंडळी, सोलापुरात पंधरा वर्षांच्या मुलीला फुटबॉलच्या मॅचेस मिळायच्या तर काय करावं? कोचिंग नको, शिबिर नको, कार्यक्रमात हारतुरे नकोत. नुसत्या मॅचेस.

---

कडकभाकरी | ४ नोव्हेंबर, रात्री ११.२०

"विमानानं" ला फुटलो बे.

चटणी कुठली होती तेवढं सांगा, बाकीचं सकाळी वाचतो.

---

जुळेसोलापूरकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

छान लिहिलंय ताई, पण थोडं कडू बोलू का? त्याच वर्ल्ड कपात आपल्या पोरींचं काय झालं ते तुम्ही सोयीनं गाळलंत. भुवनेश्वरला अमेरिकेशी ०-८. मोरोक्कोशी ०-३. ब्राझीलशी ०-५. तीन मॅचमध्ये सोळा गोल खाल्ले, केला एकही नाही. यजमान म्हणून फुकट प्रवेश मिळाला होता, खेळून नाही. जिथं आपलं काही नाही तिथं उगाच भावनिक का व्हायचं? क्रिकेटच्या मुलींनी जिंकून दाखवलं म्हणून फटाके वाजले. आधी जिंका, मग अंगठे मोजा.

---

नेरूळकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

मूळचा रेल्वे लाइन्सचा, आता वीस वर्षं नेरूळला. जुळेसाहेब, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण त्या आकड्यांच्या मागचंही बघा.

तो वर्ल्ड कप मुळात २०२० चा. कोरोनानं आधी पुढं ढकलला, मग रद्द केला आणि २०२२ भारताला दिला. म्हणजे २०२० साठी तयार होत आलेल्या मुली वयातून बाहेर गेल्या. नवीन संघ, १ जानेवारी २००५ नंतर जन्मलेल्या मुलींचा. त्यांची ऐन वाढीची दोन वर्षं टाळेबंदीत. त्यात ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं आपल्या फेडरेशनलाच निलंबित केलं, बाहेरच्यांचा हस्तक्षेप म्हणून. अकरा-बारा दिवसांत उठवलं, पण स्पर्धा दीड महिन्यावर असताना ती आपल्याकडं होणार की नाही हेच पोरींना माहीत नव्हतं.

आणि तुम्ही ०-३ सहज म्हणून गेलात. मोरोक्कोविरुद्ध मध्यंतराला ०-० होतं. तीन दिवस आधी पाच गोल मध्यंतरापर्यंतच खाल्लेल्या या मुली. मी ती मॅच टीव्हीवर पूर्ण बघितली. पाय दुसऱ्या हाफमध्ये गेले.

मोरोक्कोचंच पुढं काय झालं बघा. तोही तिथं पहिल्यांदाच आलेला. आपल्याला हरवलं, ब्राझील आणि अमेरिकेकडून हरले, घरी गेले. पण त्यांनी २०२० मध्येच बायकांच्या दोन डिव्हिजनच्या लीगला पगारी करून टाकलेलं. २०२३ च्या मोठ्या वर्ल्ड कपला त्यांच्या सीनियर बायका बाद फेरीत. आता हा सतरा खालचा वर्ल्ड कप २०२५ पासून २०२९ पर्यंत दरवर्षी मोरोक्कोतच आहे, सध्या चालूच आहे. दोघं एका गटात होतो तीन वर्षांपूर्वी.

कोलंबियाच्या त्या फायनलमध्ये लिंडा कैसेदो खेळत होती, आठवतेय का ताई तुमच्या भाचीला? सतरा वर्षांची. त्या एका वर्षात जुलैमध्ये कोपा अमेरिकाची सीनियर फायनल, ऑगस्टमध्ये वीस खालचा वर्ल्ड कप, ऑक्टोबरमध्ये सतरा खालचा. चार महिन्यांत तीन मोठ्या स्पर्धा. आणि ही पोरगी पंधराव्या वर्षी कॅन्सरमधून उठलेली.

---

पूर्वभागवाली | ५ नोव्हेंबर, दुपारी १.१५

@नेरूळकर, आठवतेय म्हणजे? कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलीय. बाहेरच्या बाजूला आजीनं सिद्धरामेश्वरांचा फोटो लावलाय म्हणून आत.

@जुळेसोलापूरकर, गाळलं नाही हो. भुवनेश्वरला गेले नव्हते म्हणून लिहिलं नाही. ०-८ बघताना ही पोरगी टीव्हीसमोर होतीच. आठवा गोल झाल्यावर म्हणाली, "अजून पळतायत त्या." मला गोल दिसत होते, तिला पळणं दिसत होतं.

@कडकभाकरी, चटणी घरची. उखळात कुटलेली.

---

निवृत्त_पीटी | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

नमस्कार. एकतीस वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक होतो, त्यामुळं जरा लांबण लागेल.

जुळेसाहेब, तुमचं ते सोळा-शून्य मी दरवर्षी बघितलंय. त्याला पुणे विभाग म्हणतात.

कसं होतं सांगतो. जिल्ह्याला मुलींच्या फुटबॉलच्या एंट्र्या येतात कागदावर. ड्रॉ पडतो. त्या दिवशी सकाळी मैदानावर यावं तर निम्म्या शाळा गायब. कुणाच्या मुली पुऱ्या होत नाहीत, कुणाची चाचणी परीक्षा असते, कुणाच्या मुख्याध्यापकांना मुलींनी हाफपँट घालायचं पटत नाही. मग काय, एक बाय म्हणजे न खेळताच पुढची फेरी, एक वॉकओव्हर, आणि एखादी मॅच खेळून तुम्ही जिल्ह्याचे विजेते! एका वर्षी माझ्या मुली एकही गोल न करता जिल्हा विजेत्या झाल्या. पेपरात फोटो आला. मग विभागाला जायचं. तिथं पुण्याच्या शाळा. त्या मुली शनिवार-रविवार लीग खेळून आलेल्या. अर्धा डझन खायचे, स्वारगेटला वडापाव खायचा आणि परत यायचं. मुलींना वाटतं आपल्यात दम नाही. दम आहे हो. सवय नाही.

आता मैदान. आमचं सगळं मुरमावर. मुरमावर चेंडू खड्याला लागला की कुठंही उडतो, म्हणून आमची मुलं आधी चेंडू पायाखाली दाबून धरतात आणि मग मान वर करतात. गवतावर वाढलेली मुलगी चेंडू यायच्या आधीच मान वर करून बघून ठेवते. हा फरक एका सेकंदाचा, पण त्या सेकंदात समोरचीनं चेंडू नेलेला असतो. आणि घसरून टॅकल करायचं म्हणाल तर ते टीव्हीवर बघायचं. मुरमावर केलं तर मांडी सोलून निघते. एकीनं केलं होतं, तिच्या आईनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती अजून विसरलो नाही.

संघ पुरा करायला मी खो-खोच्या मुली घ्यायचो. सोलापुरात खो-खोच्या मुलींना तोटा नाही, आणि यंदा जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप आपल्याच मुलींनी जिंकला, तेव्हापासून तर अजून वाढल्यात. त्यांना पळता पळता वळायला शिकवावं लागत नाही. खांबाला हात घालून अशा फिरतात की बघत राहावं. विंगेला अशी मुलगी सोन्यासारखी. एकच अडचण: खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही हे हाडात भिनलेलं. चेंडू पायाशी येईपर्यंत जागची हलत नाहीत! एक तर मला म्हणाली, "सर, मला कुणी हाकच मारली नाही."

---

कडकभाकरी | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ७.०२

"त्याला पुणे विभाग म्हणतात." सर, दंडवत घ्या.

---

तांबडापांढरा | ५ नोव्हेंबर, रात्री ९.१५

कोल्हापूरकर हजर. फुटबॉलचा धागा आणि आम्हाला आवतण नाही?

आमच्याकडं शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचला जागा मिळत नाही भावांनो. पेठापेठांची खुन्नस, चार दिवस आधी कट्ट्यावर तेवढाच विषय. म्हातारी माणसं स्वेटर घालून दुपारपासनं जागा धरून बसत्यात. सोलापूरवाल्यांनी एकदा येऊन बघाच, फुटबॉल म्हणजे काय असतंय ते कळंल.

---

घरकुलची_बाई | ५ नोव्हेंबर, रात्री ९.४०

@तांबडापांढरा, त्या स्टेडियमवर मुलींच्या मॅचला किती वेळा गेलात?

---

तांबडापांढरा | ५ नोव्हेंबर, रात्री ९.५८

...

खरं सांगू? एकदाबी नाही. पोरींच्या मॅची असत्यात, आमच्याकडच्या पोरी राज्याकडनं खेळत्यात हे म्हाईत हाय. पण गेलो नाही कधी. बाईंनी बरोबर वर्मावर ठेवलं.

---

घरकुलची_बाई | ६ नोव्हेंबर, पहाटे ५.१०

तुम्हाला टोमणा मारायचा नव्हता हो, मीही कालपर्यंत तशीच.

मी विडी कामगारांच्या वस्तीतल्या शाळेत शिकवते. आमच्याकडं सात मुली फुटबॉल खेळतात. सातच. सरांनी शाळांचं सांगितलं, मी घरचं सांगते. यांच्या आया दिवसाला हजार विड्यांच्या हिशोबानं बसतात. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. शाळा सुटली की मुलगी आईशेजारी. पानं कापून दे, विड्यांची तोंडं मुडपून दे. कारखान्यात तपासणीला छाट, म्हणजे नापास विड्या, निघते, ती धरून हजार भरायच्या असतात. म्हणजे संध्याकाळचा सराव विसरा. सकाळी साडेपाचला जमतो, ते पाणी यायचा दिवस नसेल तर. चार दिवसांनी येणारं पाणी सोडून कुठली आई मुलीला चेंडूमागं पाठवेल? मीसुद्धा नाही पाठवणार. पाण्याच्या दिवशी सराव नाही, हा आमचा पहिला नियम.

एका मुलीची आजी रोज म्हणायची, "आडपिल्लकु बंताट एंदुकु?" पोरीला चेंडूचा खेळ कशाला. मी २०२२ मध्ये तिला मोबाइलवर त्या संघाची कॅप्टन दाखवली, अष्टम उराँव. झारखंडातल्या गुमला जिल्ह्यातली. ती कॅप्टन झाल्यावर तिच्या घरापर्यंत रस्ता करायला घेतला आणि त्याच रस्त्यावर तिचे आईवडील रोजंदारीनं कामाला होते, हे तेव्हा सगळीकडं छापून आलं होतं. आजीनं दोनदा विचारलं, "लेकीच्या नावाचा रस्ता, आणि आई त्यावर पाटी उचलते?" मी हो म्हटलं. वाटलं आता म्हणेल, मग काय उपयोग. ती म्हणाली, "रस्ता तरी झाला."

नातीला दुसऱ्या दिवशी पाठवलं. ती आता आमची गोलकीपर आहे.

बरं, ताई, आमच्या सात आणि तुमच्या भाचीच्या शाळेतल्या किती?

---

पूर्वभागवाली | ६ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

बाई, अंगावर काटा आला. आमच्याकडं नियमित येणाऱ्या सहा. दोन 'दहावी आहे' म्हणून गायब. पण बोलावलं तर येतील.

---

दोनलेकींचाबाप | ६ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

एक विषय कुणी काढला नाही म्हणून काढतो. जून २०२२ मध्ये याच वर्ल्ड कपच्या तयारीसाठी संघ युरोपात गेला असताना एका सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनावरून परत पाठवून काढून टाकलं होतं. देशाच्या संघाबरोबर, परदेशात, एवढी माणसं सोबत असताना. मग आमच्यासारख्यानं तालुक्याच्या मॅचला मुलगी कुणाच्या भरवशावर पाठवायची? माझी मोठी चांगली हँडबॉल खेळायची. बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत एकही बाई नाही असं कळलं तेव्हा मी जीपमधून तिची बॅग उतरवून घेतली. दोन महिने माझ्याशी बोलली नाही. मी चुकलो का? अजून कळत नाही.

---

निवृत्त_पीटी | ६ नोव्हेंबर, दुपारी ४.००

चुकला नाहीत. बॅग उतरवून घेतली ती बरोबर. चूक जीप पाठवणाऱ्यांची. सोबत बाई नसेल तर संघ निघता कामा नये, मग स्पर्धा कुठलीही असो. मी स्वतः दोन वेळा संघ रद्द केलाय याच कारणानं, आणि दोन्ही वेळा मुली माझ्यावर चिडल्या.

---

घरकुलची_बाई | ६ नोव्हेंबर, सायंकाळी ५.२०

आमच्याकडं दोन आयांची पाळी असते. ज्या दिवशी जिची पाळी, त्या दिवशीच्या तिच्या विड्या बाकीच्या वाटून वळून देतात. कुणी ठरवून दिलं नाही, त्यांचं त्यांनीच काढलं.

---

जुळेसोलापूरकर | ६ नोव्हेंबर, रात्री १०.१०

माझ्या सोळा-शून्यावर एवढं सगळं निघेल वाटलं नव्हतं. अर्धं मागं घेतो, अर्धं ठेवतो.

ठेवतो ते असं: जिंकण्यानं फरक पडतोच. बिश्केकला हरल्या असत्या तर हा धागा निघाला असता का?

मागं घेतो ते असं. मी क्रिकेटवाला. आपल्याच जिल्ह्यातली, माळशिरस तालुक्यातल्या मिऱ्याची किरण नवगिरे. २०२२ मध्ये टी-ट्वेंटीत नाबाद १६२ ठोकल्या, तेव्हा तिचं नाव देशाला कळलं. आणि त्या ठोकल्या नागालँडकडून खेळताना. सोलापूरची पोरगी, मॅच मिळाली कुठं, तर नागालँडला. काल झोपताना हे डोक्यात आलं आणि ताईंचा प्रश्न कळला.

बाकी ते "अजून पळतायत त्या" हे वाक्य दोन दिवस पिच्छा सोडत नाहीये.

---

नेरूळकर | ६ नोव्हेंबर, रात्री १०.४५

मोठ्या मनाचे आहात जुळेसाहेब. बिश्केकबद्दल एक भर. त्या विजयाच्या आधी ऑगस्टमध्ये थिंफूला याच वयोगटाची सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची, स्पर्धा झाली. चारच देश, पण प्रत्येकाशी दोनदा. म्हणजे सहा मॅचेस. शेवटच्या मॅचमध्ये बांगलादेशकडून ३-४ हरलो, तरी कप आपला, कारण आधीच्या पाच जिंकलेल्या. हरूनही कप घरी नेता येतो तो असा, मॅचेस जास्त असल्या की. दीड महिन्यानं त्याच पोरी, तेच योआकिम अलेक्झांडरसन प्रशिक्षक, आणि उझबेकिस्ताननं गोल केल्यावर कुणी हातपाय गाळले नाहीत. यंदाचं सालच तसं आहे म्हणा. जुलैत सीनियर बायकांनी थायलंडला त्यांच्या घरात २-१ हरवलं, ऑगस्टमध्ये वीस खालच्यांनी म्यानमारला, आणि आता या. तिन्ही आशियाई कपला.

---

हुतात्मा_डी५ | ७ नोव्हेंबर, सकाळी ६.५५

गाडीतून लिहितोय, कुर्डुवाडी यायचंय, रेंज जाईल.

पुण्याला पाठवायचा विचार करत असाल तर, २०२२ च्या त्या संघात पुण्याची काजोल डिसूझा होती, म्हणजे पुण्यात वाट आहे हे नक्की. माझ्या बहिणीची मुलगी तिकडं मुलींची लीग खेळते. पण सोलापूरहून दर शनिवारी ये-जा करणं पंधरा वर्षांच्या मुलीला जमत नाही. मी करतो ना, मला विचारा. सोमवारी माणूस माणसात नसतो. दहावी झाली की बघा. तोवर इथंच काहीतरी उभं करा.

---

निवृत्त_पीटी | ७ नोव्हेंबर, सकाळी १०.००

सात आणि सहा तेरा. अकरा-अकराचा हट्ट सोडा. सात-सात खेळवू, एक मुलगी कमी पडते ती माझ्या जुन्या शाळेतून खो-खोची आणतो. मैदान अर्धंच वापरायचं, गोलपोस्ट लहान. चुना माझ्याकडं शिल्लक आहे, रेघा मी मारतो. रविवारी, ९ तारखेला. शिट्टी शोधावी लागेल.

---

घरकुलची_बाई | ७ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

रविवारी आमच्याकडं पाणी नाही. म्हणजे जमतंय.

---

दोनलेकींचाबाप | ७ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

धाकटी येऊ का विचारतेय. बारा वर्षांची आहे. मीही येतो, बसून राहीन.

---

तांबडापांढरा | ७ नोव्हेंबर, रात्री ८.४०

मला पाच तास लागतील, नायतर आलो असतो. शाहू स्टेडियमवर पोरींची पुढची मॅच कधी हाय ते मित्राला विचारलंय. तो म्हणला, तुला काय झालंय?

---

पूर्वभागवाली | ९ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

झाली. सात-सात नाही झाली, आठ-आठ झाली, कारण खो-खोच्या दोन आल्या आणि बापाची धाकटीही उतरली. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन हाफ. बाईंच्या पोरी ४-२ नं जिंकल्या. त्यांची गोलकीपर खरोखर काय चपळ आहे हो, भाचीनं मारलेला एक फटका तिनं असा हवेत खुडून घेतला की सर शिट्टी मारायचंच विसरले. शिट्टी नव्हतीच म्हणा, तोंडानं चाललं होतं.

सरांनी सांगितलेली खो-खोवाली मी प्रत्यक्ष बघितली. पहिली दहा मिनिटं विंगेला नुसती उभी. मग सर बाहेरून ओरडले, "खो!" आणि जी सुटली ती थेट गोलपर्यंत. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या पोरी पास देताना "खो" ओरडायला लागल्या.

ओट्यावरच्या आज्जी आल्या होत्या आमच्याबरोबर. क्रिकेटपेक्षा हे बरं म्हणाल्या, लवकर संपतं.

भाचीचे दोन्ही गुडघे सोलले. एक चेंडू तिच्या पायाला लागून पुन्हा स्वतःच्याच गोलकडं निघाला होता, पण या खेपेला पोस्टच्या बाहेरून गेला. ती खाली बसली, उठली, कॉर्नरसाठी धावली. परत येताना रिक्षात मला एवढंच म्हणाली, "काल रात्री उत्तर कोरियानं नेदरलँड्सला तीन-शून्य हरवलं, बघितलंस का?" मी झोपले होते. ही मध्यरात्री बघत बसलेली, आणि सकाळी मॅच खेळायला पुढं.

पुढचा रविवार १६ तारखेचा. बाई, तुमच्याकडं त्या दिवशी पाणी येतंय असं कळलं, म्हणून सातऐवजी साडेनऊला ठेवलंय. ऊन लागेल, टोप्या आणा. सर, तेवढी शिट्टी बघा.

---

कडकभाकरी | ९ नोव्हेंबर, दुपारी १.०५

शिट्टी माझ्याकडं हाय. चटणीच्या बदल्यात देतो.